काचेच्या पेटीतली मुलं आता तिशीत आलीत, त्यांच्या हार्टचं काय?

प्रत्येक खानदानात एक तरी "सातव्यातला" असतोच. लग्नाबिग्नात तो दिसला की कुणीतरी मावशी सुरू होते, अगं हा एवढुस्सा होता, महिनाभर काचेच्या पेटीत ठेवलेला, आम्ही तर आशाच सोडली होती, आणि आता बघ कसा ताडमाड झालाय. गोष्ट तिथेच संपते. वाचला, वजन वाढलं, शाळेत गेला, नोकरीला लागला, विषय क्लोज. डॉक्टर मंडळींनाही बरीच वर्षं साधारण असंच वाटायचं. पण गेल्या पंधरा-वीस वर्षांत इंग्लंड, स्वीडन, फिनलंड, कॅनडा इथे ही मुलं मोठी झाल्यावर त्यांना परत बोलावून तपासलं गेलं आणि लक्षात आलं की वेळेआधी जन्मल्याचा परिणाम हृदयावर, रक्तवाहिन्यांवर आणि किडनीवर राहतो, आणि तो विशी-तिशीतच मशीनवर दिसतो, माणसाला स्वतःला काहीही त्रास नसताना.

हे घाबरवायला लिहीत नाहीये. कामाची गोष्ट आधीच सांगून टाकते म्हणजे ज्यांना पुढचं वाचायचा कंटाळा आहे ते सुटले: तुम्ही प्रीमॅच्युअर जन्मला असाल तर वर्षातून एकदा बीपी मोजा, वय विशीचं असलं तरी, आणि कुठल्याही नव्या डॉक्टरकडे गेलात की आपण किती आठवड्यांचे असताना जन्मलो ते न विचारता सांगा. आता हे का, ते बघू.

आधी आठवड्यांचा हिशोब. गर्भारपण ४० आठवड्यांचं धरतात, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून. ३७ आठवडे पूर्ण व्हायच्या आत जन्म झाला तर बाळ प्रीमॅच्युअर. त्यातही ३६ व्या आठवड्यातलं आणि २६ व्या आठवड्यातलं यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, त्यामुळे डॉक्टर ३२ च्या आतलं आणि २८ च्या आतलं असे अजून गट करतात. आपल्याकडे महिन्यांत बोलतात, "सातवा चालू होता" म्हणजे साधारण २६ ते ३० आठवडे समजा. (सातव्यातलं जगतं पण आठव्यातलं जगत नाही असं जुनी माणसं अजूनही छातीठोक सांगतात, त्यात काहीही तथ्य नाही, पोटात काढलेला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो.) अजून एक गोंधळ इथेच मिटवू. कमी वजनाचं बाळ आणि वेळेआधीचं बाळ हे एकच नव्हे. दिवस पूर्ण भरलेत पण वजन अडीच किलोच्या आत, अशी बाळं आपल्याकडे ढिगाने जन्मतात. काही बाळं दोन्ही असतात, लवकरची पण आणि बारीक पण. हा लेख मुख्यतः लवकर जन्मलेल्यांबद्दल आहे.

संख्या केवढी? २०२० साली जगात साधारण १ कोटी ३४ लाख बाळं वेळेआधी जन्मली, म्हणजे दहातलं एक. त्यातली ३० लाखांच्या वर एकट्या भारतात, कुठल्याही देशापेक्षा जास्त. म्हणजे हा काही दुर्मिळ आजाराचा विषय नाही, तुमच्या सोसायटीत, ऑफिसात असे बरेच जण असणार आणि त्यातल्या अर्ध्यांना स्वतःलाही ते नीट माहीत नसणार.

मग हे आत्ताच का कळतंय, असं कुणी विचारेल. सरळ कारण आहे, पूर्वी ही मुलं जगतच नव्हती. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांना मुलगा झाला, पॅट्रिक, साडेचौतीस आठवड्यांचा, २.१ किलो वजनाचा. श्वासाचा त्रास सुरू झाला आणि ३९ तासांत गेला, जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसाचा मुलगा असून. आज तेवढंच बाळ आपल्या एखाद्या बऱ्या जिल्हा रुग्णालयाच्या नवजात विभागातून बहुतेक वेळा आईच्या कुशीत घरी जातं. मधल्या काळात काय झालं, तर १९५९ मध्ये मेरी एलन एव्हरी यांनी दाखवलं की या बाळांच्या फुफ्फुसात सर्फॅक्टंट नावाचा साबणासारखा पातळ थर कमी असतो म्हणून ती फुगत नाहीत, १९७२ मध्ये न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हावी यांनी आईला बाळंतपणाआधी स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं की बाळाची फुफ्फुसं लवकर तयार होतात हे छापलं, १९८० मध्ये जपानमध्ये फुजिवारा यांनी बाळांना बाहेरून सर्फॅक्टंट दिलं, आणि १९९० च्या आसपास ते सगळीकडे वापरात यायला लागलं. म्हणजे २८-३० आठवड्यांची मुलं मोठ्या संख्येने वाचायला लागली त्याला जेमतेम एक पिढी झाली. तिशीतलं त्यांचं हृदय कसं असतं हे बघायला आधी कुणीतरी तिशीपर्यंत पोचायला तर हवं.

आता मुख्य भाग, शरीरात नेमकं होतं काय. पोटात असताना बाळाची फुफ्फुसं बंद दुकानासारखी... नाही, उपमा राखून ठेवते, एकच देणारे. तर पोटात ऑक्सिजन वारेतून येतो. फुफ्फुसांना काम नाही, म्हणून हृदयातलं बरंचसं रक्त फुफ्फुसांना वळसा घालून जातं, त्यासाठी हृदयाच्या दोन कप्प्यांत एक खिडकी असते आणि बाहेर एक जोडनळी असते. सगळी सिस्टीम कमी प्रेशरवर चालते. जन्म झाला, नाळ कापली, बाळ रडलं की काही मिनिटांत हे सगळं उलटंपालटं होतं, फुफ्फुसं उघडतात, वार गेल्यामुळे शरीराकडच्या बाजूचं प्रेशर वाढतं आणि हृदयाच्या डाव्या बाजूवर एकदम लोड येतो. पूर्ण दिवसांच्या बाळाचं हृदय त्यासाठी तयार असतं. पण २८ आठवड्यांच्या बाळाच्या हृदयात पेशींची संख्या वाढायचं काम अजून जोरात चालू असतं. आणि गंमत (गंमत कसली म्हणा) अशी की हृदयाच्या स्नायूंच्या पेशी जन्मानंतर थोड्याच काळात विभागायच्या जवळजवळ थांबतात. त्यानंतर हृदय वाढतं ते असलेल्या पेशी मोठ्या होऊन, नव्या फार येत नाहीत.

घर बांधलेल्यांना पटकन कळेल, स्लॅबला पुरेसं पाणी मारून तो पक्का व्हायच्या आत सेंटरिंग काढलं आणि वर सामान चढवलं तर स्लॅब पडेलच असं नाही, उभा राहीलही, पण तो थोडा वेगळा बसतो आणि तो तसाच राहतो. प्रीमॅच्युअर हृदयाचं तसंच. कमी पेशींवर जास्त लोड आल्यामुळे त्या पेशी जाड होतात, भिंत जाड होते, आतली पोकळी जरा लहान राहते.

हे नुसतं थिअरी म्हणून नाही, माणसांत बघितलेलं आहे. १९८० च्या दशकात इंग्लंडमध्ये ॲलन लुकास यांनी अगदी कमी दिवसांच्या बाळांना कुठलं दूध द्यावं यावर मोठी ट्रायल केली होती, त्यामुळे त्या बाळांचे सगळे बारीकसारीक रेकॉर्ड जपलेले होते. ऑक्सफर्डच्या ॲडम लेवँडोव्स्की आणि पॉल लीसन यांच्या टीमने त्यातली १०२ मुलं मोठी झाल्यावर, म्हणजे वीस ते चाळिशीच्या आतली असताना, बोलावून एमआरआयमध्ये घातली आणि २०१३ मध्ये रिझल्ट आले. डाव्या कप्प्याचा स्नायू जास्त, पोकळी आखूड, आणि जितक्या लवकर जन्म तितका फरक जास्त. बीपीमुळे हार्ट जाड होतं हे तर सगळ्यांना माहीत आहे, पण इथली जाडी बीपीच्या हिशोबात पूर्ण बसत नव्हती, त्याहून जास्त होती. आणि उजवा कप्पा, ज्याच्याकडे सहसा कुणी लक्ष देत नाही, त्याच्यात फरक अजूनच ठळक निघाला. उजवा कप्पा रक्त फुफ्फुसाकडे ढकलतो आणि या मुलांची फुफ्फुसंच मुळात अर्धवट तयार असताना हवेत आलेली, वर व्हेंटिलेटर आणि ऑक्सिजनचा मारा झालेली, आतल्या बारीक रक्तवाहिन्या कमी, म्हणजे ढकलायला जोर जास्त लागणार. ज्यांना लहानपणी दीर्घकाळ ऑक्सिजन लागला, डिस्चार्ज कार्डवर बीपीडी (प्रीमॅच्युअर बाळांचा फुफ्फुसाचा दीर्घकाळचा आजार, बीपीशी संबंध नाही) असं लिहिलेलं असतं बघा, त्यांनी हा उजव्या बाजूचा मुद्दा विशेष लक्षात ठेवावा.

याच टीमने नंतर बीपी नॉर्मल असलेल्या तरुणांना सायकल मारायला लावून सोनोग्राफीने हृदय बघितलं. बसल्याजागी प्रीमॅच्युअर आणि पूर्ण दिवसांचे यांच्या पंपिंगमध्ये फरक नाही. सायकलचा जोर वाढला की प्रीमॅच्युअर गटाचं हृदय थोडं मागे पडायला लागलं. म्हणजे राखीव ताकद जरा कमी. हा आजार नव्हे, यातले बहुतेक जण आरामात ट्रेक करतात, पण "माझा टूडी एको नॉर्मल आहे" या वाक्याचा अर्थ "बसलेलं असताना नॉर्मल आहे" इतकाच असतो हे कळलेलं बरं.

रक्तवाहिन्यांचंही असंच. मोठ्या धमनीच्या भिंतीत इलॅस्टिन नावाचं रबरासारखं प्रोटीन असतं, ते मुख्यतः गर्भारपणाच्या शेवटच्या आठवड्यांत आणि जन्मानंतरच्या सुरुवातीच्या काळात भरलं जातं. लवकर जन्म झाला की हा माल कमी पडतो आणि धमनी थोडी अरुंद, थोडी कडक राहते.

पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट किडनीची आहे. किडनीत रक्त गाळणारे छोटे फिल्टर असतात, नेफ्रॉन, एकेका किडनीत सरासरी नऊ-दहा लाख, पण माणसामाणसांत प्रचंड फरक, कुणाकडे दोन-तीन लाख तर कुणाकडे वीस लाख. हे सगळे साधारण ३६ व्या आठवड्यापर्यंत तयार होतात आणि त्यातले निम्म्याहून जास्त गर्भारपणाच्या शेवटच्या तिसऱ्या भागात. नंतर आयुष्यभरात एकही नवा येत नाही. लवकर जन्मलेल्या बाळात जन्मानंतर काही आठवडे नेफ्रॉन बनत राहतात, पण बाहेरच्या वातावरणात ते काम अर्धवट होतं, त्यात इन्फेक्शन होतं, बीपी खालीवर होतं, जेंटामायसिनसारखी किडनीला जड जाणारी अँटिबायोटिक्स द्यावी लागतात (द्यावीच लागतात, जीव वाचवायचा असतो, त्यावरून कुणी डॉक्टरशी भांडू नका). १९८८ मध्ये बॅरी ब्रेनर यांनी मांडलं की जन्मतः फिल्टर कमी असले तर असलेल्या फिल्टरवर ताण येतो, मीठ बाहेर टाकायला शरीराला प्रेशर वाढवावं लागतं, वाढलेल्या प्रेशरने अजून फिल्टर खराब होतात आणि चक्र सुरू होतं. म्हणजे बीपी वाढलं की आपण हृदयाकडे बघतो, पण प्रीमॅच्युअर माणसात मूळ दुखणं पाठीमागे किडनीतही असू शकतं. म्हणून अशांचं बीपी वाढलेलं सापडलं तर रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन, या दोन स्वस्तातल्या टेस्ट करून घ्यायच्या.

आता आकडे, आणि इथे जरा सावकाश वाचा कारण बातम्यांमध्ये याच आकड्यांनी लोकांची झोप उडवलेली असते.

सरासरी बघितली तर प्रीमॅच्युअर जन्मलेल्या तरुणांचं वरचं बीपी बाकीच्यांपेक्षा ३-४ पॉइंटने जास्त भरतं. एवढंच. एकट्या माणसाला हा फरक जाणवणारही नाही, जिना चढून आलं तरी त्याहून जास्त वाढतं. पण हा फरक विसाव्या वर्षापासून पुढे पन्नास वर्षं सोबत असणार आहे, तिथे तो महाग पडतो.

स्वीडनमध्ये प्रत्येक जन्माची सरकारी नोंद आहे आणि ती हॉस्पिटलच्या नोंदींशी जोडता येते. केसी क्रम्प आणि सहकाऱ्यांनी १९७३ ते २०१४ मध्ये जन्मलेल्या जवळजवळ ४२ लाख लोकांची नोंद तपासली. १८ ते २९ वयात हाय बीपीचं निदान होण्याचं प्रमाण प्रीमॅच्युअर गटात साधारण सव्वापट, आणि २८ आठवड्यांच्या आत जन्मलेल्यांत जवळपास अडीचपट. दुसऱ्या एका अभ्यासात १९७३ ते १९९४ मधले २१ लाखांवर लोक घेतले आणि ३० ते ४३ वयात हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, ज्यातून हार्ट अटॅक येतो तो, किती जणांना झाला ते मोजलं. प्रीमॅच्युअर गटात दीडपट. आता हे "दीडपट" ऐकून छातीत धस्स होतं ना, पण त्या २१ लाखांत एकूण केसेस किती होत्या माहितीये? १,९२१. म्हणजे हजारात एकसुद्धा नाही. हजारात एकाच्या खाली असलेल्या गोष्टीचं दीडपट केलं तरी ती दुर्मिळच राहते. अजून एक उदाहरण, स्वीडनमध्येच १९८७ ते २०१२ दरम्यान जन्मलेल्या २६ लाखांहून जास्त मुलांच्या अभ्यासात २८ आठवड्यांच्या आत जन्मलेल्यांत हार्ट फेल्युअरचं प्रमाण १७ पट निघालं. सतरा पट! पण सगळ्या २६ लाखांत मिळून केसेस ५०१. वर्तमानपत्रवाला १७ छापतो, ५०१ छापत नाही.

मग एवढीशी रिस्क असेल तर लेख कशाला, असं म्हणाल. कारण हे आकडे तरुणपणाचे आहेत. त्या हार्ट अटॅकच्या अभ्यासातला सगळ्यात मोठा माणूस ४३ वर्षांचा होता. या आजाराचं खरं वय पन्नाशी-साठीचं, आणि आपल्याकडे तर त्याच्या दहा वर्षं आधीचं. तिशीत ज्याचं दीडपट आहे ते साठीत, जेव्हा मूळ प्रमाणच मोठं असतं, तेव्हा दीडपट राहिलं तर ती फार माणसं होतात.

त्या अभ्यासात अजून एक गोष्ट होती जी मला आपल्या लोकांना ओरडून सांगावीशी वाटते. ३७-३८ आठवड्यांत जन्मलेले, म्हणजे ज्यांना आपण प्रीमॅच्युअर म्हणतही नाही, त्यांच्यातही प्रमाण थोडं जास्त होतं, साधारण १.२ पट. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, कारण सिद्ध झालं असं नाही. पण आपल्याकडे मुहूर्त बघून, किंवा दिवाळीच्या आधी उरकून टाकू म्हणून, ३७ व्या आठवड्यात सिझेरियन ठरवतात त्यांनी दोन आठवडे थांबायला काय हरकत आहे? वैद्यकीय कारण असेल तर गोष्ट वेगळी, तिथे डॉक्टर सांगतील तेच. पण ज्योतिषाने सांगितलं म्हणून नको.

हुशार वाचक इथे विचारतील की दोष लवकर जन्माचा कशावरून, आईलाच बीपी असेल, त्यामुळे बाळ लवकर काढावं लागलं असेल आणि तेच बीपी अनुवंशिकतेने मुलात आलं असेल. बरोबर प्रश्न आहे, आणि काही अंशी तसंच आहे, गर्भारपणात बीपी वाढणं हे लवकर बाळंतपणाचं मोठं कारण आहेच. म्हणून स्वीडनवाल्यांनी सख्ख्या भावंडांची तुलना केली, एकाच आईची दोन मुलं, एक लवकर झालेलं आणि एक वेळेवर. फरक थोडा कमी झाला पण पुसला गेला नाही. म्हणजे घराणं पण आणि लवकर जन्म पण.

आपल्या भागात या विषयाची एक जुनी शाखा आहे ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. इंग्लंडमध्ये हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून बाळांची वजनं वह्यांत लिहून ठेवलेली होती, त्या वह्या काढून डेव्हिड बार्कर यांनी १९८९ मध्ये दाखवलं की जन्मतः आणि वर्षाचं असताना हलकी असलेली मुलं मोठेपणी हृदयविकाराने जास्त गेली. आणि आपल्या पुण्यात केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायका आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधली साडेतीन, पण वजन कमी असून चरबी मात्र आपल्या बाळांनी राखून ठेवलेली, कमी पडला तो स्नायू आणि बाकीचे अवयव. दिसायला बारीक, आतून चरबीवाली. हा अभ्यास कमी वजनाचा आहे, लवकर जन्माचा नाही, दोन्ही एकात मिसळू नका, पण जन्माआधीचा काळ शरीरावर खूण ठेवतो हे पुण्याच्या खेड्यांतूनही दिसलं. दिल्लीत १९६९ ते ७२ मध्ये जन्मलेल्यांच्या अभ्यासातही तसंच आलं, ज्यांना मोठेपणी साखरेचा त्रास निघाला ते पहिल्या दोन वर्षांत बारीक होते आणि दोन ते बारा या वयात भराभर भरत गेले. लक्षात घ्या, ते बारा वर्षांचे असताना लठ्ठ नव्हते, घरच्यांना वाटलं असणार की चला आता पोरगं अंगाला लागायला लागलं.

हे आपल्याकडे फार नाजूक प्रकरण आहे. काचेच्या पेटीतून आलेल्या मुलाला घरात सगळेच भरवत असतात, आजी तुपाचा गोळा जास्त टाकते, आई बिस्किटांचा पुडा हातात देते, कारण ते मूल एकदा हातातून जाता जाता वाचलेलं असतं. सुरुवातीच्या महिन्यांत वजन वाढायलाच हवं, मेंदूसाठी ते लागतं, तिथे कंजूषी नको. पण पाच-सहा वर्षांचं झाल्यावर, उंचीच्या मानाने वजन ठीक आलंय असं डॉक्टर म्हणाले की भरवाभरवी थांबवायची. गालावर बाळसं दिसत नाही म्हणून जीव टांगणीला लावून घ्यायचा नाही.

दुधाचा विषय निघालाच आहे तर लुकास यांच्या त्या ट्रायलकडे परत जाऊ, कारण तिच्यातून निघालेली एक गोष्ट खरंच भारी आहे. काही बाळांना दुसऱ्या आयांनी दान केलेलं दूध मिळालं होतं, काहींना प्रीमॅच्युअर बाळांसाठीची खास पावडर. कुणाला काय द्यायचं ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेलं, त्यामुळे तुलना पक्की. तीच मुलं १३ ते १६ वर्षांची झाल्यावर बीपी मोजलं, तर दान केलेल्या दुधाच्या गटाचं सरासरी बीपी ८१.९ आणि पावडरच्या गटाचं ८६.१. (हे वरचं-खालचं मिळून काढलेलं सरासरी प्रेशर आहे, तुमच्या मशीनवरच्या १२० शी लावू नका.) चार पॉइंटचा फरक, जन्मानंतरच्या काही आठवड्यांच्या दुधाचा, चौदा वर्षांनी! २०१६ मध्ये ऑक्सफर्डवाल्यांनी एमआरआय बघून सांगितलं की ज्यांना फक्त माणसाचंच दूध मिळालं होतं त्यांच्या हृदयाचे कप्पे मोठेपणी जास्त चांगल्या आकाराचे होते. याला दुसरी बाजूही आहे, नुसत्या दान केलेल्या दुधावर एवढ्याशा बाळाची वाढ हळू होते आणि त्याच लुकास यांना जास्त पोषक पावडरीचा मेंदूच्या वाढीला फायदा दिसला होता, म्हणून आजकाल आईचं दूध आणि त्यात वरून पोषण मिसळून देतात. मुंबईला सायन हॉस्पिटलमध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली दूध बँक सुरू केली ती मुख्यतः इन्फेक्शनपासून बाळं वाचावीत म्हणून. तिथून दूध मिळालेली सुरुवातीची बाळं आज पस्तिशीची असतील, हृदयाचा फायदा हा तेव्हा कुणाच्या ध्यानीमनीही नसणार.

आईबाप अजून एक प्रश्न दबक्या आवाजात विचारतात, बाळंतपणाआधी ते स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं होतं, त्याने तर हृदयाला काही झालं नसेल? लिगिन्स-हावी यांची मूळ ट्रायल १९६९ ते १९७४ मध्ये ऑकलंडला झाली होती आणि त्या मुलांना पन्नाशीला गाठून तपासलंय. इंजेक्शन मिळालेले आणि न मिळालेले यांच्यात हृदयविकाराच्या बाबतीत फरक सापडला नाही. ती काळजी सोडा.

बीपी मोजण्याबद्दल. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या २०१७ च्या नियमावलीनुसार तीन वर्षांपासून पुढे प्रत्येक मुलाचं बीपी दरवर्षी मोजायचं, आणि ३२ आठवड्यांच्या आत जन्मलेलं असेल तर तीनच्या आधीपासूनच. आपल्याकडे मुलाचं बीपी? अर्ध्या दवाखान्यांत लहान पट्टाच नसतो, आणि मोठ्यांचा पट्टा बारीक दंडावर लावला की आकडा चुकीचा येतो. तरी मागून घ्या, "डॉक्टर, हा तिसाव्या आठवड्यातला आहे, बीपी बघता का" एवढंच म्हणायचं. लहान मुलाचा आकडा वय आणि उंचीच्या तक्त्यावर बघतात, ११८ आलं म्हणजे नॉर्मल असं घरी ठरवू नका, सहा वर्षांच्या मुलात ते जास्त असतं. मोठ्यांनी घरी मशीन घ्यायचं तर दंडावरचं घ्या, मनगटावरचं नको. पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा, अर्धा तास आधी चहा-सिगारेट नाही, दोनदा मोजा, काही दिवस मोजून वहीत लिहा. एकदा १३८ आलं म्हणून गोळी सुरू होत नसते, पण विशीत-पंचविशीत सतत १३० च्या वर दिसत असेल तर "टेन्शनमुळे असेल" म्हणून सोडून द्यायचं नाही.

बाकी पथ्य सगळ्यांना सांगतात तेच, फक्त तुमच्याकडे चुकांना जागा थोडी कमी आहे. किडनीचं वर सांगितलंच, त्यामुळे मिठाचा मुद्दा तुम्हाला जास्त लागू, लोणचं-पापड-फरसाण-सॉस यातलं मीठ लोक मोजतच नाहीत. डोकं दुखलं की कॉम्बिफ्लॅम, पाठ दुखली की अजून काही, हे मेडिकलमधून मनाने घेणं बंद, त्या पेनकिलर किडनीवर ताण देतात. तंबाखू, मग ती सिगारेट असो की मशेरी, त्याबद्दल काय बोलायचं. आणि व्यायाम करायचाच. "लहानपणी नाजूक होता" म्हणून पीटीच्या तासाला बाकावर बसवलेली मुलं मी बघितलीत, ते चूक आहे, दम जरा लवकर लागत असला तरी सवयीने तो वाढतो. सगळ्यांनी धावत जाऊन टूडी एको, स्ट्रेस टेस्ट करायची गरज नाही. दम लागतोय, छातीत धडधडतंय, चक्कर येते, किंवा लहानपणी बीपीडी होतं, तर कार्डिओलॉजिस्टला दाखवा. एकदम जिम लावून जड वजनं उचलायच्या आधी मात्र बीपी बघून घ्या.

मुलींसाठी अजून दोन गोष्टी. स्वतः प्रीमॅच्युअर जन्मलेल्या बायकांना त्यांच्या गर्भारपणात बीपी वाढण्याची शक्यता थोडी जास्त असते, कॅनडात क्युबेकच्या नोंदींवरून हे दिसलंय. त्यामुळे पहिल्याच व्हिजिटला गायनॅकला स्वतःच्या जन्माचे आठवडे सांगायचे, बाळाचेच नाहीत. आणि गर्भनिरोधक गोळ्या सुरू करायच्या आधी बीपी मोजायचं, काहींचं त्या गोळ्यांनी वाढतं.

राहिला प्रश्न, आठवडे कळणार कुठून. आईला विचारा, पण आईला महिना आठवतो, आठवडा नाही. जुनी फाइल असेल तर डिस्चार्ज कार्ड काढा, त्यावर आठवडे आणि ग्रॅममधलं वजन असतं. ते नसेल तर आईचं गरोदरपणातलं कार्ड, त्यावर शेवटच्या पाळीची तारीख किंवा डॉक्टरने दिलेली बाळंतपणाची तारीख असते. पाळीची असेल तर तिथपासून जन्मतारखेपर्यंतचे आठवडे मोजले की झालं, बाळंतपणाची असेल तर तिच्या जितके आठवडे आधी जन्मलात तितके ४० मधून वजा करा. तेही नसेल तर निदान जन्माचं वजन, पेटीत किती दिवस होतो, श्वासाचं मशीन लागलं होतं का, ऑक्सिजन घरी पण चालू होता का, एवढं आई-मावशीकडून काढून घ्या, त्या आहेत तोवर. कागदाचा फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवा, कारण त्या कार्डावरची शाई तीस वर्षांत निम्मी उडालेली असते. डॉक्टरकडे गेलात की वडिलांना शुगर आहे, आजोबा अटॅकने गेले, हे तुम्ही सांगताच, त्याच दमात "३० आठवडे, १२५० ग्रॅम, नऊ दिवस व्हेंटिलेटर" हेही सांगून टाकायचं.